डावीकडचा आरसा

४ फेब्रुवारी

चि. बटणवाली,

अनेक आशीर्वाद, घ्यायला सवड असेल तेव्हा घे.

फोन सोडून पत्र लिहितोय याला कारण तू आहेस. परवा फोनवर माझी जीभ दोन शब्दांना अडखळली, तर तू लगेच म्हणालीस, "सावकाश बोल मामा, घाई नाही." तो आवाज मी ओळखतो. रोग्यांशी बोलायचा, पगारी. सख्ख्या मामावर तो वापरायचा नाही. कागदावर माझी जीभ अडखळत नाही आणि उजवा हात शाबूत आहे, तेव्हा यापुढे पत्रं. तूही पत्रच लिही, म्हणजे तुझा आवाज ऐकावा लागणार नाही.

स्ट्रोक म्हणून जो काय गाजावाजा झाला तो संपला. डावा पाय जरा फरफटतो, डावा हात आळशी आहे, बाकी मी जसाच्या तसा. हॉस्पिटलात तुझ्याच धंद्यातली एक मुलगी होती. ऑक्युपेशनल थेरपी की काय म्हणतात तुम्ही, त्यातली. लोकांना बटणं लावायला, चमचे धरायला शिकवणारी. शेवटच्या दिवशी तिने मला एका इवल्याशा स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "काका, चहा करून दाखवा." आयुष्यभर मी लोकांना गाडी चालवून दाखवायला लावली. लायसन दिली, नाकारली. माझ्यापुढे ट्रक ड्रायव्हर घाम पुसत उभे राहिले. आणि माझी परीक्षा चहाची. केला. तुझी मामी साक्षीला होती. पास होऊन घरी आलो. एवढ्यासाठी तुम्हाला कॉलेजात इतकी वर्षं बसवतात?

घरी मात्र कारभार बिघडला आहे. तुझी मामी एकदम वाढत नाही. निम्मं वाढते, मी बडबडलो की उरलेलं निम्मं. सुताराने बैठकीच्या दाराची चौकट केव्हातरी अरुंद करून ठेवली आहे, जाता-येता खांदा आपटतो. वर्तमानपत्राची तर कीव येते. आग लागली म्हणून छापतात, कशाला लागली ते लिहायचं राहून जातं. राजीनामा दिला असतो, कोणी दिला याचा पत्ता नसतो.

थोड्याच दिवसांत गाडी काढणार आहे. मामीला शेजारी बसवून पहिली मोठी फेरी तुझ्या गावाला, थेट तुझ्या वॉर्डात. माणूस बरा होतो म्हणजे कसा होतो, ते तुझ्या पेशंटांना दाखव.

तुझा मामा
(निवृत्त, बाद नव्हे)


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून करत नाही, कंबर वॉर्डात लागते.

बटणवाली हे नाव मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू दिलंस. आता मी सीनियर आहे. म्हणजे बटणं माझ्या हाताखालच्या मुली लावून घेतात आणि मी पेशंटच्या मुलांची समजूत घालते, की वडील बटणाशी झटत असताना मध्ये हात घालू नका, ते उशीर करत नाहीयेत, काम करताहेत. मुलं मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की बटण लावून टाकतात. त्यापेक्षा बटणं बरी होती.

आमच्याकडे सगळ्यांना चालायचं असतं. फिजिओकडे रांग लागते. चालून कुठे जाणार, असं मी विचारते. सगळे म्हणतात, बाहेर. खरं उत्तर संडास हे असतं. तिथे पोचल्यावर नाडी कोण सोडणार, हा माझा विषय. म्हणून मोठे डॉक्टर राउंडला आले की फिजिओला "वा" म्हणतात, आणि मला "अच्छा, तुम्हीपण आहात". तेव्हा माझ्या धंद्याला तू नावं ठेवलीस याचं मला नवल नाही. तू रांगेत आहेस.

आता तुझं पत्र. मामी निम्मं वाढते, सुतार चौकट निम्मी करतो, वर्तमानपत्र बातमी निम्मी छापतं. तुझी प्रत्येक ओळही कागदाच्या मधूनच सुरू झाली आहे. एकतर सगळं जग एका महिन्यात निम्मं झालं, किंवा तुझ्यापाशी काहीतरी झालं. मी दुसऱ्यावर पैज लावीन.

तुझे डोळे ठीक असणार. पण स्ट्रोक मेंदूच्या उजव्या भागात झाला, की कधी कधी मेंदू डावीकडची दखल घेणंच सोडतो. तिथे अंधार दिसत नाही. तिथे काही आहे, असंच वाटत नाही. म्हणून माणूस स्वतःची तक्रार घेऊन येत नाही. बायकोची घेऊन येतो.

एक करून बघ. जेवताना ताट रिकामं वाटलं की स्वतःच्या हाताने अर्धं फिरव. मामीला टेबलापासून लांब बसव. काय होतं ते कळव. आणि तोपर्यंत गाडीला हात लावू नकोस. तुझी वॉर्डात भेट देण्याची इच्छा मी समजू शकते, पण लोक आमच्याकडे सहसा स्वतः गाडी चालवत येत नाहीत.

तुझी,
बटणवाली


१७ फेब्रुवारी

चि. बटणवाली,

तुझा प्रयोग केला. ताट फिरवलं, अन्न निघालं. याचा सरळ अर्थ, मी ताट फिरवत असताना तुझ्या मामीने वाढलं. ती लांब बसली होती हे मान्य. पण तिची चलाखी तुला ठाऊक नाही. ही बाई घरात कधी आली नि कधी गेली हे मला अजून कळत नाही. असल्या ढिसाळ पुराव्यावर मी कधी कुणाचं लायसन रद्द केलं नाही.

डॉक्टरांनी बोट नाचवलं, मी पाहिलं, "उत्तम" म्हणाले. तुझ्या धंद्यातल्या मुलीने चहा करायला लावला तेव्हा दूध, पत्ती, साखर, कप, सगळं मला सापडलं. काही राहिलं असतं तर तिने तेव्हाच सांगितलं असतं. की तुमच्या परीक्षेचा तुम्हालाच भरवसा नाही?

तू सीनियर झालीस याचा आनंद आहे. पण सगळ्या जगात रोग दिसायला लागणं हे बढतीचं लक्षण नव्हे. मागे कोणती गाडी येते आहे हे मी आरशात न बघता सांगत असे, हे विसरू नकोस.

शनिवारी टायरमध्ये हवा भरून घेतो आहे.

मामा


१९ फेब्रुवारी

लाडके,

हे पत्र मी ह्यांना न सांगता टाकते आहे. तू ह्यांना लिहिलेलं वाचलं. हे अंघोळीला गेले की मी वाचते.

ताट मीच फिरवते गं. घरी आलो त्या दिवशी ह्यांनी बरोबर अर्धं ताट संपवलं आणि हात धुतला. मला वाटलं, अन्नावरची वासना गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांची बोलणी खाताना सहज ताट सरकवलं, ते अर्धं फिरलं, आणि हे पुन्हा जेवायला लागले. तेव्हापासून मी फिरवते. ह्यांना वाटतं मी पुन्हा वाढलं. वाटू दे म्हटलं. दाढीही हे एकाच गालाची करतात. दुसऱ्या गालाची मी करते, "थोडं राहिलंय" म्हणून.

आणि तो चहा. सांगायला नको वाटतं, पण सांगते. त्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा ओट्याच्या डाव्या टोकाला होता. हे उजवीकडेच शोधत होते. कान लाल झाले. ती मुलगी हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला वळली, आणि मी पर्स सावरता सावरता डबा ह्यांच्यापुढे सरकवला. हे म्हणाले, "ही काय साखर." मुलगी हसली. आम्ही घरी आलो.

तू रागावशील. पण ऐक. तुला माहीत नसेल, मीही एकदा गाडी शिकले होते. परीक्षा ह्यांच्याच ऑफिसात. दुसऱ्या साहेबांकडे जाते म्हटलं तर म्हणाले, लोक म्हणतील बायकोला आतून सूट दिली. स्वतः शेजारी बसले. वळताना डावीकडच्या आरशात बघितलं नाहीस म्हणाले, आणि सगळ्यांदेखत नापास केलं. घरी आल्यावर समजूत काढली, "वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यात ती नजर नाही." मी परत गेले नाही. नापास होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून माझा हात गेला.

आता हे गाडी काढायची म्हणतात. चावी खुंटीवरच असते. ह्यांना नाही म्हणायची मला सवय नाही. काय करू?

तुझी मामी


२४ फेब्रुवारी

प्रिय मामी,

साखरेचं वाचलं आणि मी पत्र घडी करून ठेवलं, वॉर्डात एक चक्कर मारून आले, आणि मग लिहायला बसले. लगेच लिहिलं असतं तर ते पोस्टाने नेलं नसतं.

ती परीक्षा चहाची नसते. तो चहा कोणी पीतसुद्धा नाही. साखर डावीकडे मुद्दाम ठेवलेली असते. माणूस ती शोधतो का, कशी शोधतो, सापडली नाही तर कुणावर खेकसतो, हे बघायचं असतं. तू प्रश्नपत्रिका बदललीस. त्या मुलीने पाठ वळवायला नको होती. माझ्या हाताखाली असती तर तिला मी ऐकवलं असतं. पण मुद्दा तो नाही. डावीकडचा साखरेचा डबा ज्याला दिसला नाही, त्याला डावीकडून येणारी सायकल दिसणार नाही. आणि सायकल सरकवायला तू तिथे नसशील.

आमच्या वॉर्डात औषधापेक्षा मायेने जास्त नुकसान होतं. औषधाचा निदान डोस लिहिलेला असतो.

आता करायचं ते. ताट फिरवू नकोस. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लाव, आणि ती दिसेपर्यंत मान वळवा एवढंच म्हण. पुन्हा पुन्हा म्हण. मामा भडकेल. भूक राहील, राहू दे. भुकेने मान वळते, प्रेमाने वळत नाही. दाढी अर्धी राहिली तर राहू दे. चावी आजच लपव. त्या मुलीला फोन करून साखरेचं सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझी सांगण्याची पद्धत तुझ्याइतकी गोड नाही.

लगेच उत्तर टाक.

तुझी भाची


१० मार्च

चि. बटणवाली,

तुझं आणि तुझ्या मामीचं काही गुफ्तगू चाललं आहे, हे मला समजत नाही असं समजू नकोस. ती हल्ली जेवताना "पट्टी बघा, पट्टी बघा" असा जप करते. कसली पट्टी, कुठली पट्टी. भांडायला नको म्हणून मी "दिसली" म्हणतो.

चावीही खुंटीवरून नाहीशी झाली होती. पण लपवायलाही अक्कल लागते. कपाट उघडलं, आणि समोर उजव्या खणात चावी. शोधावीसुद्धा लागली नाही.

रविवारी गाडी काढली. मामीला घेऊन बाजारापर्यंत जाऊन आलो. इतके दिवस उभी असून गाडी लोण्यासारखी चालली. वाटेत कुणी ओळखीच्या बाईने हाक मारली, तिला हात केला. तुझी मामी वाटभर गप्प होती, म्हणजे समाधानी होती.

एकच विघ्न. घरी आल्यावर शेजारी म्हणाला, "साहेब, गाडीचा डावीकडचा आरसा कुठे गेला?" बाजारात गाडी उभी केली तेवढ्यात कोणीतरी उचकटून नेला. माझ्या गाडीचा. या शहरातल्या निम्म्या ड्रायव्हरांना मी लायसन दिलं, ही त्याची परतफेड. तक्रार द्यायला गेलो तर पोलीस म्हणतो, चोरानं नेला तर फुटका सांगाडा आणि लोंबत्या तारा मागे का ठेवल्या? म्हटलं, चोरालाही घाई असते. त्याने वही मिटली. हल्लीच्या पोरांना तपासाचं शिक्षणच नाही.

नवीन आरसा बसवला की तुझ्याकडे येतो. दिवस कळवीन.

मामा


१२ मार्च

लाडके,

उत्तर टाकलं नाही कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. त्या मुलीला फोन करायचा म्हणून रोज नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे.

चावी मी लपवली होती. ह्यांना ती पहिल्याच फटक्याला सापडली तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. हॉस्पिटलातून आल्यापासून मी घरातली प्रत्येक वस्तू ह्यांच्या उजवीकडे ठेवते. चष्मा, पाणी, औषधं, चप्पल. हाताला वळणच पडलं आहे. चावी लपवतानाही हात उजवीकडेच गेला.

आरसा चोरीला गेलेला नाही. तो विजेच्या खांबाला आपटून फुटला. माझी खिडकी उघडी होती, काचा मांडीवर पडल्या. खांब आणि माझा कान यांच्यात वीतभर जागा असेल. हे म्हणाले, रस्त्यात खड्डे फार झालेत. त्याच्या आधी एक बाई भाजीच्या पिशवीसकट फुटपाथवर उडी मारून चढली. तिने जी हाक मारली ती शिवी होती. ह्यांनी हात केला, तोही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला.

मी ओरडले नाही. ओरडायचं ठरवलं होतं, आवाज निघाला नाही. घरी येऊन ओंजळभर काचा बेसिनमध्ये टाकल्या. हे वर्तमानपत्र वाचत बसले.

तू ह्यांना लिहिलंस की ह्यांच्या मेंदूला डावीकडे काही आहे असंच वाटत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. गाडीत, टेबलाशी, पलंगावर मी लग्न झाल्यापासून ह्यांच्या डावीकडे आहे. तुम्ही लोक याला स्ट्रोक म्हणता. मी इतकी वर्षं याला संसार म्हणत होते.

साखरेचं ह्यांना सांग. माझं नाव घालून सांग. माझ्याने तोंडावर व्हायचं नाही. हे आरशासाठी गॅरेजवाल्याशी बोलून आले आहेत.

मामी


१५ मार्च

प्रिय मामा,

या पत्राच्या डाव्या कडेला मी वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारली आहे. ती दिसेपर्यंत मान वळव, मग ओळ वाच. रेघ दिसली नसेल तर ओळ अजून सुरू झालेली नाही. वर्तमानपत्रालाही हेच लागू आहे. आग कशाला लागली ते ते पहिल्यापासून छापत आहेत.

आता ऐक. तुझा आरसा चोराने नेला नाही, विजेच्या खांबाने नेला. काचा मामीच्या मांडीवर पडल्या. ती गप्प होती ते समाधानाने नाही. ज्या ओळखीच्या बाईला तू हात केलास ती तुझ्या गाडीखाली येता येता वाचली, आणि ती तुला जे म्हणाली ते मी लिहीत नाही, तू माझा मामा आहेस.

दुसरं. चहाच्या परीक्षेत साखर तुला सापडली नव्हती. ती डावीकडे होती. मामीने उजवीकडे सरकवली. ती दोषी आहे, आणि तिने ते स्वतः कबूल केलं आहे, जे तुझ्या घराण्यात नवीन आहे.

लहानपणी तू मला तुझ्या ऑफिसचा नियम फुशारकीने सांगायचास. परीक्षा चालू असताना सोबतच्या माणसाने नुसता इशारा केला तरी परीक्षा रद्द. मग तो कुणीही असो. बायकोलाही सूट नाही. ती तू दिली नव्हतीस, हे मला हल्लीच समजलं. तेव्हा तुझ्याच नियमाने तुझी परीक्षा रद्द झालेली आहे.

मी त्या मुलीशी बोलले. ती महिनाअखेरीस तुला पुन्हा घेते आहे. तेच स्वयंपाकघर, तोच चहा. मामी दाराबाहेर. ती मुलगी या वेळी पाठ वळवणार नाही.

तिथे साखर सापडली, तर रस्त्यावरच्या परीक्षेलाही जा. दोन्हीत पास झालास तर गाडीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही, उलट तुझ्या गाडीतून फिरायला येईन. मागच्या सीटवर, उजव्या बाजूला. नापास झालास तर चावी मामीला द्यायची. कपाटात नाही. हातात.

तू आयुष्यात किती जणांना नापास केलंस, आणि त्यातले किती जण तुझ्यावर ओरडले, हे मी ऐकलेलं आहे. ओरडणाऱ्यांबद्दल तू काय म्हणायचास तेही आठवतं. त्यामुळे ओरडू नकोस.

बटणवाली


२ एप्रिल

चि. बटणवाली,

गेलो होतो. नियम तो नियम, म्हणून गेलो, तुझ्या पत्रामुळे नाही.

तुझ्या मामीला बाहेर बाकावर बसवलं. दाराला काच आहे. मी शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, पत्ती टाकली. साखर नाही. ओट्यावर पाहिलं, फडताळात पाहिलं, पुन्हा ओट्यावर पाहिलं. त्या मुलीला म्हटलं, "साखर संपली असेल तर तसं सांगा, माणसाला खेळवू नका."

"आहे, काका. शोधा."

तुझाच आवाज. मी तिला बरंच काही बोललो. हॉस्पिटलवर बोललो, सरकारवर बोललो. ती ऐकत उभी राहिली. मी सुद्धा असाच उभा राहायचो, हे मध्येच लक्षात आलं आणि माझं बोलणं तुटलं. मग ती म्हणाली, ओट्याच्या कडेला लाल पट्टी आहे, ती दिसेपर्यंत मान वळवा. वळवली. नाही दिसली. आणखी वळवली. मान इतकी वळते हे मला माहीत नव्हतं.

पट्टी दिसली. तिच्याशेजारी साखर. साखरेशेजारी दूध, उतू जाऊन शेगडीखाली पसरलेलं. ते मी केव्हा ठेवलं तेही आठवेना. माझी डावी बाही त्यात भिजलेली. आणि त्याच्या पलीकडे दार, दाराची काच, काचेमागे तुझी मामी. बाकावर दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती, हात पुन्हा मदतीला जाऊ नयेत म्हणून. खाली बघत होती. तो चेहरा मी ऑफिसात रोज पाहिला आहे. निकालाची वाट बघणारा. गाडीतही एकदा पाहिला होता, तेव्हा मी फॉर्म भरत होतो.

मी त्या मुलीला विचारलं, "ही इथे कधीपासून बसली आहे?"

ती म्हणाली, "सुरुवातीपासून, काका."

नापास. निरीक्षक म्हणून सांगतो, उमेदवार रस्त्यावर सोडण्याच्या लायकीचा नाही. चावी दिली. हातात. तिने ती दोनदा उलटसुलट करून पाहिली, खोटी आहे की काय म्हणून.

त्या मुलीकडे आता आठवड्यातून तीनदा जातो. ती मला डावीकडून बोलते, डावीकडून वस्तू देते, डाव्या हाताने बटणं लावायला लावते. कालचं एक बटण लावेपर्यंत चहा निवला. तुझा पेशा फालतूच आहे. अवघड आहे, एवढंच.

मामा


२८ जुलै

लाडके,

मी गाडी शिकले. तुला आधी कळवलं नाही, म्हटलं पुन्हा नापास झाले तर गुपचूप नापास व्हावं.

परीक्षेला ह्यांच्याच जुन्या ऑफिसात गेले. परीक्षा घेणारी एक तरुण बाई होती, तुझ्यासारखीच, हसायला पैसे पडल्यासारखी. हे बरोबर आले होते. ह्यांना मी बाकावर बसवलं आणि हात मांडीखाली घाला म्हणाले. घातले. तोंडाचं सांगायला विसरले. गाडी सुरू व्हायच्या आत ह्यांनी मला चार सूचना केल्या. त्या बाईने काच खाली घेऊन सांगितलं, "काका, आणखी एक शब्द आला तर परीक्षा रद्द." हे एकदम गप्प. मग म्हणे बाकावरच्या दुसऱ्या माणसाला सांगत बसले, बाई हुशार आहे.

मी पास झाले.

आता घरचं सगळं मीच चालवते. ह्यांची दाढी दोन्ही गालांची होते, डावीकडे जरा कापतं. ताट ह्यांचं हे फिरवतात. कधी विसरले तर मी गप्प बसते आणि पाणी पिते, तुझ्या नावाने. डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, पण गाडी नाही, बहुतेक कधीच नाही. ह्यांनी ते ऐकून घेतलं. त्या रात्री जेवले नाहीत. ताट फिरवूनसुद्धा.

पण एक गंमत झाली आहे. गाडीत मी आता ह्यांच्या उजवीकडे बसते. पहिल्यांदाच. त्यामुळे मी ह्यांना पूर्ण दिसते, आणि माझी एकही चूक सुटत नाही. गिअर उशिरा टाकला, क्लच घासला, हॉर्न वाजवला, हॉर्न वाजवला नाही. शेवटी परवा मी सिग्नलला म्हटलं, "माझ्याकडे बघायचं बंद. तिकडे डावीकडे आरसा बसवला आहे, नवा. त्यात काय येतंय ते सांगत बसा." हे आधी फुगून बसले. मग मान वळवली, हळूहळू, आरसा सापडेपर्यंत. आणि म्हणाले, "सायकल. मुलगी आहे. जाऊ दे तिला."

तेव्हापासून ते ह्यांचं काम. प्रत्येक वळणाला जोरात सांगतात, अगदी साहेबी आवाजात. हॉस्पिटलातल्या त्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, मला सुचायला हवं होतं. तूही तसंच म्हणशील, पण मनात.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतो आहोत. ह्यांना तुझा वॉर्ड बघायचा आहे, आणि मला तुझं ते स्वयंपाकघर. साखर कुठे ठेवतेस ते सांगू नकोस.

काळजी करू नकोस. डावीकडे काय आहे ते हे सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. तरी मी स्वतः बघितल्याशिवाय वळत नाही.

तुझी मामी
(लायसनसह)